'रफ अप' म्हणजे नक्की किती मार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कार्यक्रमाच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने दंडाला धरून बाजूला ढकललं, म्हणून प्रश्न विचारणाऱ्यांनी आयोजकांना इंग्रजीत तक्रारीचा मेल टाकला आणि त्यात लिहिलं "युअर गार्ड रफ्ड मी अप". समोरून उत्तर आलं की हा फार गंभीर आरोप आहे, कुठे लागलं ते सांगा आणि मेडिकल रिपोर्ट जोडा. आता यांचं म्हणणं असं, की रफ म्हणजे खडबडीत, रफ अप म्हणजे जरा धसमुसळेपणाने वागणं, आपण धक्काबुक्की म्हणतो तसं, मग मी चुकीचं काय लिहिलं? आणि दुसऱ्या कोणीतरी यांना सुचवलंय की त्याऐवजी 'मायक्रोअग्रेशन' लिहा, ते सौम्य वाटतं.

मी बावीस वर्षं बातम्यांचं भाषांतर करतोय, इंग्रजीतून मराठीत आणि उलटं पण, आणि या एका शब्दावर मी स्वतः तोंडघशी पडलोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, आयोजकांनी उगाच कांगावा केलेला नाही. रफ अप मध्ये मार असतो. नुसता धक्का नाही, नुसतं दंड धरणं नाही. इंग्रजी रोज वाचणाऱ्या माणसाने "ही वॉज रफ्ड अप" असं वाचलं की त्याच्या डोळ्यासमोर जे येतं ते साधारण असं: दोघं-तिघं आहेत, एकाला भिंतीशी घेतलंय, कॉलर धरलीय, दोन-चार कानाखाली, एखादा गुद्दा पोटात, ओठ फुटलाय, शर्टाचं वरचं बटण कुठेतरी उडालंय आणि जाता जाता "पुन्हा इकडे दिसलास तर बघ" असं काहीतरी ऐकवलंय. माणूस स्वतःच्या पायाने घरी जातो, सहसा हाडबीड मोडलेलं नसतं. पण अंगावर हात पडलेला असतो आणि तो बहुतेक वेळा घाबरवायला, समज द्यायला पडलेला असतो. हे शेवटचं लोक विसरतात. राग आला आणि मारलं याला इंग्रजीत दहा शब्द आहेत, रफ अप मध्ये मागे हिशोब असतो. म्हणून तर पिक्चरमध्ये गुंडांचा बॉस म्हणतो ना, "रफ हिम अप अ बिट". ते "अ बिट" या शब्दाला जवळजवळ चिकटलेलंच आहे. जरा दाखवा त्याला, मारून टाकू नका.

हे माप कुठून आलं ते बघायचं तर माणसं सोडा आणि वस्तू घ्या. सायकलची ट्यूब पंक्चर झाली की पंक्चर काढणारा काय करतो, भोकाभोवतीची जागा कानशीने नाहीतर पॉलिश पेपरने घासतो, मग सोल्युशन लावतो, मग पॅच. पॅच किटवरच्या इंग्रजी सूचनेत त्या घासण्याला "रफ अप द सरफेस" असं म्हणतात. का घासायचं, तर रबर वरून गुळगुळीत असतं, त्यावर सोल्युशन धरत नाही, वरची तकाकी गेली की धरतं. जास्त घासलं तर ट्यूब पातळ होऊन वाया जाणार, कमी घासलं तर पॅच दोन दिवसात सुटणार. जुन्या रंगावर नवा रंग द्यायच्या आधी पण हेच करतात. म्हणजे वस्तू तोडायची नाही, फोडायची नाही, फक्त वरचा गुळगुळीतपणा घालवायचा. माणसाला रफ अप करणं म्हणजे पण तेच की हो! त्याचा रुबाब, त्याची मिजास थोडी खरवडून काढायची.

क्रिकेटवाल्यांना तर हे चटकन कळेल. मार्च २०१८ ला केपटाऊनच्या टेस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरून बॅनक्रॉफ्टने सँडपेपर वापरला तो बॉलची एक बाजू रफ अप करायला, म्हणजे रिव्हर्स स्विंग मिळावा म्हणून. बॉल फाटला नव्हता, अंपायरनी तो हातात घेऊन बघितला आणि बदललाही नाही, बंदीची शिक्षा मात्र कॅप्टन स्मिथ आणि व्हाइस-कॅप्टन वॉर्नरला १२ महिने आणि बॅनक्रॉफ्टला ९ महिने. नुकसान किती झालं यापेक्षा हेतू काय होता यावर सगळं गेलं. आणि त्याच खेळात फास्ट बॉलर बॅट्समनला बाउन्सरवर बाउन्सर टाकतो, एक खांद्यावर, एक बरगडीवर, एक हेल्मेटला, तेव्हा कॉमेंटेटर म्हणतात "ही इज रफिंग हिम अप". तिथे कोणी कोणाला गुद्दे मारत नाही पण शरीराला लागतंय आणि मुद्दाम लागतंय, पुढच्या बॉलला पाय मागे जावा म्हणून. बेसबॉलमध्ये तर शरीराला न लागताही वापरतात, एखाद्या पिचरच्या बॉलिंगवर समोरच्या टीमने धडाधड रन काढले की तो रफ्ड अप झाला. तो अलंकारिक वापर झाला, तुमच्या मेलशी त्याचा संबंध नाही.

पण एक खेळ असा आहे ज्याने तुमचा नेमका प्रश्न नियमात बसवून ठेवलाय, म्हणून सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉलला किक मारणारा प्लेयर त्या क्षणी अगदी उघडा असतो, एक पाय हवेत, स्वतःला वाचवू शकत नाही. त्याला समोरचा नुसता जाऊन धडकला तर त्याचं नाव "रनिंग इन्टू द किकर", दंड ५ यार्ड, म्हणजे धडकणाऱ्याच्या टीमला तेवढं मागे रेटतात. आणि त्याला नीट झोडपल्यासारखं आपटलं, दुखापत होईल अशा पद्धतीने, तर त्याचं नाव "रफिंग द किकर", दंड १५ यार्ड. म्हणजे धडकणं आणि रफ करणं यात तिप्पट फरक. तुमच्या गार्डने तुम्हाला ५ यार्डवालं केलं, तुम्ही मेलमध्ये १५ वालं लिहिलंत. (आइस हॉकीत रफिंगला साधारण २ मिनिटं बाहेर बसवतात, तिथे तो किरकोळ गुन्हा, पण तिथली मुळातली मारामारीच इतकी असते की ते माप बाहेर वापरू नका.)

आता माझी फजिती. नोकरीला लागून दोन-एक वर्षं झाली होती, रात्रपाळी, परदेशातली एजन्सीची कॉपी आली, कोर्टाबाहेर एका फोटोग्राफरला आरोपीच्या माणसांनी "रफ्ड अप". मी हेडिंग ठोकलं, "छायाचित्रकाराला बेदम मारहाण". जागाही बरोबर भरली, खूष. दुसऱ्या दिवशी आमच्या चीफ सबनी, म्हणजे मुख्य उपसंपादकांनी, बोलावून घेतलं, कॉपी समोर ठेवली आणि शेवटच्या परिच्छेदावर पेन्सिल आपटली. त्यात लिहिलं होतं की तासाभराने तो फोटोग्राफर पुन्हा कोर्टाच्या गेटवर फोटो काढत उभा होता. म्हणाले, "बेदम म्हणजे ज्याच्यात दम उरला नाही तो. तुझा बेदम माणूस तासाभरात कॅमेरा घेऊन उभा राहतो होय?" तेव्हापासून मारहाणीची कुठलीही बातमी आली की मी आधी शेवटचा परिच्छेद वाचतो, माणूस नंतर कुठे गेला ते बघतो. घरी गेला, कामावर गेला तर रफ अप. हॉस्पिटलात गेला आणि राहिला तर "बीटन अप". आयसीयूत गेला तर मग शब्द बदलायलाच हवा. हा काही नियम नाही, पण मला तरी याने फार वाचवलंय.

मग उलटी चूक पण केली, ती तुमच्यासारखी. सगळीकडे रफ अप ला धक्काबुक्की लिहायला लागलो. आणि इथे मराठीची गंमत आहे बघा. धक्काबुक्की हा शब्द फोडा: धक्का आणि बुक्की. बुक्की म्हणजे गुद्दा, मूठ आवळून मारलेला. म्हणजे शब्दात मार आहे, पण वापरून वापरून त्यातली बुक्की झिजून गेली आणि नुसता धक्का राहिला. आज "मला धक्काबुक्की झाली" असं कोणी म्हणालं तर आपण ढकलाढकली समजतो, गुद्दा समजत नाही. इंग्रजी रफ अप मधली बुक्की अजून शाबूत आहे. तुमचा घोळ तिथेच झाला, मराठीतला झिजलेला शब्द मनात धरला आणि इंग्रजीतला न झिजलेला शब्द लिहिला.

दुसरी गोष्ट म्हणजे आपले हे सगळे शब्द, हाणामारी, झोंबाझोंबी, बाचाबाची, ढकलाढकली, हमरीतुमरी, हे बहुतेक दोन्ही बाजूंचे असतात. तू मला मी तुला. शब्द दुहेरी झाला की काम पण दुहेरी होतं, टाळी एका हाताने वाजत नाही असं त्या शब्दातच बसलंय. रफ अप एका हाताची टाळी आहे. एक करणारा, एक सोसणारा, सोसणाऱ्याने हात उचलला असेल तर तो शब्दात येत नाही. म्हणून "वी रफ्ड अप" असं नुसतं लिहिता येत नाही, कोणाला ते लागतंच. आणि "रफ्ड अप विथ हिम" हे तर मी स्वतः शिकलेल्या-सवरलेल्या लोकांच्या मेलमध्ये बघितलंय, "माझी त्याच्याशी धक्काबुक्की झाली" याचं सरळ भाषांतर, मराठीतला 'शी' उचलून 'विथ' केला. इंग्रजीत ते वाक्यच उभं राहत नाही.

वापर सांगून टाकतो, व्याकरणाचा तास घेत नाही. "दे रफ्ड हिम अप" बरोबर. "दे रफ्ड अप हिम" चूक, हिम, हर, मी, देम असे छोटे शब्द मध्येच घालायचे. नाव असेल तर दोन्हीकडे चालतं, "रफ्ड अप द ड्रायव्हर", "रफ्ड द ड्रायव्हर अप". मारणारे कोण हे सांगायचं नसेल किंवा माहीत नसेल तर "ही गॉट रफ्ड अप", बोलण्यात हेच जास्त. नाम करायचं असेल तर "दे गेव्ह हिम अ रफिंग अप". आणि 'अप' विसरू नका, कारण "रफ इट" म्हणजे गैरसोयीत दिवस काढणं, तंबूत झोपणं वगैरे, आणि "रफ आउट" म्हणजे कच्चा आराखडा काढणं, त्यात कोणालाच मारत नाहीत. "रफहाउस" मध्ये पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात ती दांडगाई, हसत-खेळत असते, शेवटी कोणीतरी रडतं ते वेगळं.

बरं मग तुमच्या गेटवर जे झालं त्याला काय म्हणायचं. दंड धरला आणि ढकललं. 'पुश' हा साधा ढकलणं, दाराला पण पुश करतात. 'शोव्ह' म्हणजे झटक्यात, जोरात, उद्धटपणे ढकलणं, यात तुमचा अपमान येतो जो पुश मध्ये येत नाही. गर्दीत खांद्याला खांदा लागून रेटारेटी होते ते 'जॉसल', त्यात कोणाचा वाईट हेतू असेलच असं नाही. हा शब्द 'जाउस्ट' वरून आलाय, घोड्यावर बसून भाल्याने एकमेकांना पाडायचा जुना खेळ, आणि आता लोक मेट्रोत चढताना जॉसल करतात, शब्दाची घसरण बघा कशी असते.

'मॅनहँडल' हा तुम्हाला बराच जवळ जाईल पण जपून. जड पियानो यंत्राशिवाय, माणसांच्या हातांनी जिन्यावरून चढवला तरी इंग्रजीत "दे मॅनहँडल्ड द पियानो अप द स्टेअर्स" म्हणतात. म्हणजे माणसाला मॅनहँडल करणं म्हणजे त्याला सामानासारखं उचलणं, ओढणं, लोटणं, तुमची इच्छा विचारायचा प्रश्नच नाही. मार त्यात असेलच असं नाही, मला तर हा शब्द मारापेक्षा जास्त लागतो. पण घोटाळा असा की आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांनी मॅनहँडल हा शब्द सरळसरळ मारहाणीसाठी वापरून वापरून जड करून ठेवलाय, तेव्हा वाचणारा आपल्याकडचा असेल तर तो पुन्हा मेडिकल रिपोर्टच मागेल.

'पुश अराउंड' मध्ये अंगाला हात लागलाच पाहिजे असं नाही, दादागिरी करणं, दमात घेऊन नाचवणं. आणि "व्हेन पुश कम्स टू शोव्ह" चा तर ढकलाढकलीशी काहीच संबंध उरलेला नाही, अगदीच गळ्याशी आलं तर, निकराची वेळ आली तर, असा त्याचा अर्थ. एकदा एका भाषांतरात "जेव्हा ढकलण्याचे रूपांतर धक्का मारण्यात होते" असं वाचलंय मी. देवा.

'स्कफल' म्हणजे झटापट, दोन्हीकडून, थोडा वेळ, अस्ताव्यस्त. याचं माझं आवडतं उदाहरण, १६ मे २००१, वेल्समधलं ऱ्हिल गाव, ब्रिटनचे उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट निवडणुकीच्या प्रचाराला गेलेले, गर्दीतून एकाने अगदी जवळून अंडं मारलं आणि प्रेस्कॉटनी वळून डाव्या हाताचा ठोसा लगावला. तरुणपणी हौशी बॉक्सर होते ते, हात लगेच आठवला असणार. मग दोघं एका बुटक्या भिंतीवर पडले आणि लोकांनी सोडवलं. आता यात कोण रफ्ड अप झालं? कोणीच नाही. ठोसा हा 'पंच', नंतरची भिंतीवरची ओढाताण हा 'स्कफल', अंडंवाला मार खाऊनही रफ्ड अप नाही, कारण ठरवून समज देणं तिथे नव्हतं, एक क्षण होता आणि तो दोन्ही बाजूंचा होता. तसंच २०२२ च्या ऑस्करला विल स्मिथने क्रिस रॉकला स्टेजवर जाऊन थोबाडीत मारली ती 'स्लॅप'. एक थोबाडीत म्हणजे रफ अप नव्हे. (आणि "स्लॅप ऑन द रिस्ट" म्हणजे नाममात्र शिक्षा, मनगटावर कोणी काही मारत नाही.)

ब्रिटिश लोकांकडे 'आर्गी-बार्गी' म्हणून एक झकास शब्द आहे, आपल्या बाचाबाचीचा सख्खा भाऊ, आवाज सुद्धा तसाच. आणि फुटबॉलमध्ये प्लेयर एकमेकांच्या छातीला छाती लावून नुसते फुरफुरतात, मारत कोणी नाही, त्याला ते 'हँडबॅग्ज' म्हणतात. टोमणा आहे तो, दोन बाया पर्स उगारून भांडतायत असं चित्र त्यात, म्हणून ऑफिसच्या मेलमध्ये नको.

'असॉल्ट' लिहू नका. इंग्लंडच्या कायद्यात तर नुसती मूठ उगारून आत्ता मार बसणार अशी भीती घातली तरी असॉल्ट होतो, स्पर्श लागत नाही, स्पर्श झाला की ती 'बॅटरी'. पण वाचणारा हे बारकावे बघत नाही, त्याला सरळ पोलीस केस दिसते आणि तो मेल वकिलाकडे पाठवतो.

आणि मायक्रोअग्रेशन, ज्यांनी सुचवलं त्यांचा हेतू चांगला असेल पण हे पूर्ण दुसऱ्या गावचं आहे. हा शब्द १९७० मध्ये चेस्टर पीअर्स या हार्वर्डच्या मानसोपचारतज्ज्ञाने काढला, अमेरिकेतल्या काळ्या लोकांना रोजच्या वागण्यात जे छोटे छोटे अपमान गिळावे लागतात त्यासाठी. समोरचा कोणत्या गटातला आहे यावरून, बोलण्यातून, नजरेतून केलेला डंख. मायक्रो म्हणजे हलका मार असं नाही. गार्डने फक्त तुम्हालाच अडवलं आणि तुमच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्यांनाच अडवत होता असं काही असेल तर तो वेगळा मेल होईल, आणि त्यातही दंडाला धरून ढकलणं हे मायक्रो बसत नाही.

माझं विचाराल तर तक्रारीत असले गोळाबेरीज शब्द घालूच नयेत. रफ अप, मॅनहँडल, हॅरॅस, मिसबिहेव्ह, हे सगळे निकाल आहेत, घटना नाहीत. समोरचा निकालावर वाद घालतो, घटनेवर घालायला त्याला सीसीटीव्ही बघावा लागतो. काय झालं ते क्रियापदांनी लिहा, कोणता हात, किती वेळा, काय बोलला. मारहाणीच्या बातम्यांत पण चांगला रिपोर्टर हेच करतो, "रफ्ड अप" हेडिंगला ठेवतो आणि खाली लगेच सांगतो की कॉलर धरली, दोनदा थोबाडीत मारली, फोन हिसकावला.

मग तुमचा मेल साधारण असा होईल. पहिल्या ओळीत: आधीच्या मेलमध्ये मी वापरलेला रफ्ड अप हा शब्द बरोबर नव्हता, मला मार बसलेला नाही. याची लाज वाटून घेऊ नका, याने उलट तुमच्या बाकीच्या म्हणण्याला वजन येतं. मग: "युअर गार्ड ग्रॅब्ड मी बाय द आर्म अँड शोव्ह्ड मी असाइड". ग्रॅब्ड आहे, हेल्ड नाही. शोव्ह्ड आहे, पुश्ड नाही. दोन्ही शब्द खरे आहेत आणि दोन्हीत उद्धटपणा आलाय. त्यापुढे वेळ, गेट नंबर, तो काय म्हणाला ते, आणि त्या वेळचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा अशी विनंती. मेडिकल रिपोर्टचा विषय परत काढू नका, शोव्ह्ड ला तो कोणी मागत नाही.